जमीनमोजणीतून कातळशिल्पांकडे : आमची वाटचाल

आमची फर्म मूळची मोजणीची. रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्या, एक टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र), जुनी जीप आणि मी नि माझा नवरा, एवढ्यावर सुरुवात झाली. आंब्याच्या बागेची आखणी, रस्त्याचं लेव्हलिंग, वाडीच्या नळपाणी योजनेचा सर्व्हे अशी कामं यायची. पुढे ड्रोन घेतला तो चिरेखाणींसाठी. खाणीतून किती ब्रास जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, निघाला हे ड्रोनच्या फोटोंवरून काढता येतं आणि गौण खनिजाच्या रॉयल्टीला तो आकडा लागतो. या कामाने आम्हाला सड्यावर नेलं.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. लांबून बघणाऱ्याला तिथे काहीच नाही असं वाटतं. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी सड्यांवर पायाखालच्या कातळातच आकृत्या कोरलेल्या आहेत. हत्ती, गेंडा, मासे, माणसं, शिवाय अर्थ न लागणाऱ्या चौकटी नि नक्ष्या. गेंडा आज कोकणात कुठेच नाही. शेतीचं चित्रण जवळजवळ सापडत नाही, म्हणून अभ्यासक ही शिल्पं शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या माणसांशी जोडतात. नेमक्या वयाबद्दल मात्र एकमत नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं पायी हिंडून, गुराख्यांना विचारून ही ठिकाणं उजेडात आणली. २०२२ साली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ ही नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आम्ही या कामात शिरलो तेव्हा शोधाचा खरा डोंगर या मंडळींनी चढून झाला होता, हे आधी नोंदवते.

आमच्याकडे मोजायची सवय होती आणि खाणीचा अनुभव होता. चिरे कापायचं मशीन सड्यावर एकदा फिरलं की वरचा थर जातो, त्याबरोबर शिल्पही जातं आणि ते परत आणायचा कुठलाच उपाय नाही. जमीन बहुतेक ठिकाणी खासगी मालकीची असते. सातबाऱ्यावर कातळशिल्पाची नोंद नसते. मालकाला खाली काय आहे हे माहीतच नसतं, त्यामुळे त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. जे आहे त्याची मोजून नोंद आधी व्हायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटलं.

पद्धत ऐकायला सोपी आहे. शेजारच्या फोटोंवर साधारण ८० टक्के भाग सामायिक येईल असे शेकडो फोटो घ्यायचे, जमिनीवर मोजलेल्या खुणा ठेवायच्या आणि संगणकाकडून त्यातून त्रिमितीय प्रतिकृती करून घ्यायची. अवघड आहे तो जांभा. तो सगळा तांबूस-काळा, सच्छिद्र, ठिकठिकाणी नैसर्गिक खळगे असलेला. त्यातली कोरीव रेघ डोळ्याला दिसते ती सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. पण तिरप्या उन्हात सावल्या सरकतात आणि प्रतिकृती बिघडते. म्हणून फोटो ढगाळ हवेत किंवा सूर्य उगवायच्या आधीच्या उजेडात घ्यायचे आणि तिरपा प्रकाश नंतर संगणकात टाकायचा. तिथे सूर्य हवा त्या दिशेला ठेवता येतो. दगडाचा रंग काढून टाकून फक्त खोलीप्रमाणे रंग दिले, की झिजलेल्या आकृतीचा पाय किंवा शेपूट वर येते. त्या क्षणासाठी मी हे काम करते.

हल्ली गॉशियन स्प्लॅटिंग नावाची पद्धत आली आहे. तिच्यातून दृश्य इतकं जिवंत दिसतं की बघणारा खूश होतो. पण मोजमापाला ती भरवशाची नाही. त्यामुळे दाखवायला ती आणि नोंदीला जुनी, असं आम्ही ठरवलं आहे.

एआयचा उपयोग आम्ही शोधण्यासाठी करतो. तज्ज्ञांनी हाताने आखलेल्या आकृत्या दाखवून मॉडेलला शिकवायचं, मग ड्रोनच्या फोटोंमध्ये कुठे कोरीवकाम असू शकेल तिथे ते खूण करतं. ते खळग्यालाही मासा म्हणतं आणि कापणीच्या मशीनच्या रेघांनाही नक्षी म्हणतं. म्हणून प्रत्येक खुणेपाशी माणूस चालत जातो, सोबत त्या वाडीतला जाणता कुणीतरी असतो. त्याच्या शब्दाला आमच्या फाईलमध्ये मॉडेलपेक्षा जास्त वजन आहे. पांडवांनी एका रात्रीत कोरलं, असं कुणी सांगितलं तर तेही त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून त्या शिल्पाच्या नोंदीला जोडतो. गावाने शिल्पाकडे कसं पाहिलं, हाही वारसाच आहे.

जिथे आमचं सगळ्यांशी भांडण होतं ती जागा वेगळी आहे. झिजलेली रेघ एआयकडून पूर्ण करून घेणं आज चुटकीसरशी होतं आणि ते दिसतंही खरं. आम्ही ते करत नाही. मोजलेलं एका थरात, अभ्यासकाचा अंदाज दुसऱ्या थरात, दोन्हींचे रंग वेगळे. कशेळीचा हत्ती चालताना दाखवा, गेंड्याला ओरडायला लावा, अशी मागणी घेऊन काही गिऱ्हाईकं आली. मोठी कामं होती. आम्ही नाही म्हटलं, कारण मुलांच्या डोक्यात एकदा तो चालणारा हत्ती बसला की दगडावरची रेघ कुणी नीट बघणार नाही.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या अनेक आकृत्या आहेत. जमिनीवर उभं राहून तो अख्खा दिसतच नाही. आमच्या व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून बघायच्या आभासी दृश्यात, बघणाऱ्याला आधी माणसाच्या उंचीवरच ठेवतो, त्याला रेघेवरून चालू देतो. सोंड कुठे संपते ते त्याने स्वतः शोधायचं. मग हळूहळू वर नेतो. कोरणाऱ्यांनी एवढं मोठं चित्र वरून न बघता कसं आखलं असेल, हा प्रश्न शाळेतली मुलं आपणहून विचारतात.

हेडसेटचा खेळ आम्ही गणपतीत गावोगावी लावतो. त्यालाही कारण आहे. मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा सड्यावर कमरेएवढं गवत असतं, कातळ निसरडा असतो, शिल्पं दिसत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून सडा चढायचं सोडलेल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्याच गावचं शिल्प हेडसेटमधून पुन्हा पाहिलं, तेव्हा पदरचं पेट्रोल घालून गेल्याचं काही वाटलं नाही.

पैशाचं सांगायचं तर पगार आजही मोजणीतूनच निघतात. वारशाच्या कामाचा मोठा खर्च ग्राफिक कार्डांचा आणि साठवणीचा. परवानग्यांनाही वेळ लागतो, रत्नागिरीलगत तर तटरक्षक दलाचा विमानतळ आहे, तिथे ड्रोन विचारल्याशिवाय उडत नाही. प्रत्येक नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीकडे आणि एक गावच्या शाळेत राहते. तिथल्या लोकांना न विचारता आम्ही नेमकं ठिकाण कुणाला देत नाही.

खाणींची मोजणी आम्ही सोडलेली नाही. फरक एवढाच की नव्या खाणीचं काम आलं तर आधी सगळा सडा चालून बघायचा, काही दिसलं तर मालकाला दाखवायचं आणि पुरातत्त्व विभागाला कळवायचं, ही अट कोटेशनमध्येच असते. काही मालक दुसरीकडे जातात. काहींनी मात्र तेवढा तुकडा सोडून खाण काढली.

तुमच्या जमिनीत सडा असेल आणि तिथे खाण, बाग किंवा घर करायचा विचार असेल, तर काम सुरू करण्याआधी आम्हाला बोलवा. दिवाळीनंतर गवत सुकलं की यायला बरं पडतं. पाहणीचे पैसे आम्ही घेत नाही.