दर्या बंद व्हायच्या आधी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी गोव्यात मांद्रेला घरी पोचले, तेव्हा किनाऱ्यावर ठाकठोक चालली होती. शॅक, म्हणजे वाळूवरच्या हंगामी खानावळी, उतरवत होते. त्यांचा हंगाम 31 मेला संपतो, म्हणून बांबू, फळ्या, झापं, खुर्च्या असं सगळं टेंपोत चढत होतं. थोडं पुढे माझा मामा रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी मांगरात (होडी ठेवायच्या झोपडीत) ओढून घ्यायला माणसं जमवत होता. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्याकडे यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मामाची होडी वल्ह्यांची, म्हणजे कायद्याने ती बंदी तिला लागत नाही. पण जूनचा दर्या एकदा उठला की वल्ह्यांच्या होडीला कुणी बंदी सांगावी लागत नाही.

मला बघून त्याने हातातला दोर खाली ठेवला आणि विचारलं, "काय गो बाय, तुमच्या थंय पण आता दर्या बंद करतत?"

गेली नऊ वर्षं मी घराबाहेर आहे. पहिली पाच मस्कतला, आताची चार पोर्तुगालमध्ये, लिस्बनसमोर तेजू नदीच्या पलीकडे असलेल्या कोश्ता दा कापारिका या गावात. मांद्रे धरून तिन्ही ठिकाणी घरापासून समुद्र चालत जाण्याएवढ्या अंतरावर. इथून पेडण्याहून, म्हापशाहून, पलीकडे सावंतवाडी-कोल्हापूरहून तुम्ही मला नेहमी विचारता की कुठला समुद्र चांगला. त्यापेक्षा मामाचा प्रश्न मला नेमका वाटला. समुद्र उघडतो कधी आणि बंद होतो कधी, हे कळलं की त्या किनाऱ्यावरची माणसं काय खातात, कधी झोपतात, कशाला घाबरतात, ते आपोआप कळायला लागतं.

तर मामा, तिथे जूनमध्ये दर्या बंद होत नाही, उघडतो. 12 जूनच्या रात्री लिस्बनच्या जुन्या वस्त्यांत सांत आंतोनियोचं फेस्त असतं. गल्लोगल्ली कोळशावर तारले भाजतात, अख्खे, खवलं न काढता, वर नुसतं खडेमीठ. तुमची छत्री माळ्यावरून खाली येते त्याच दिवसांत माझी आत जाते. लिस्बनला वर्षाचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर, आणि तो बहुतेक ऑक्टोबर ते मार्चमध्ये पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये महिना महिना थेंब नाही. आपल्या पणजीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मस्कतला वर्षाकाठी 100 सुद्धा मुश्किलीने. जूनमध्ये लिस्बनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. माणसं सकाळी अकराला डबे, कलिंगड, म्हाताऱ्या आजीसाठी घडीची खुर्ची आणि वारा अडवायचं कापड घेऊन येतात ती थेट रात्रीच्या जेवणाला घरी जातात. पांढऱ्या कपड्यातला माणूस पेटी घेऊन वाळूतून ओरडत फिरतो. पेटीत अंड्याच्या पिवळ्या गोड मलईने भरलेले तळलेले बोलाश असतात. कोरडी हवा इतकी, की धुतलेली चादर तासाभरात वाळते. मांद्रेला पावसाळ्यात आई चार दिवस चुलीवर कपडे शेकवायची, ते आठवून मला ती चादर पहिल्या वर्षी हातात घेऊन बघत राहावंसं वाटे.

पण पाणी! ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या जुलैत, 32 अंश उन्हात, मी मांद्रेला धावत जायची तशी पाण्यात धावले. कमरेपर्यंत गेले आणि श्वासच अडकला. छाती आवळली, पाय जड झाले, आणि तेवढ्यात परतणाऱ्या लाटेने खालची वाळू काढून घेतली. पिवळा झेंडा लावलेला होता. त्याचा अर्थ तिथे असा की पाण्यात उभं राहा, पण पोहू नका. मला तो ठाऊक नव्हता. जीवरक्षकाच्या शिट्टीने भानावर आले. त्याने दंडाला धरून बाहेर आणलं, टॉवेल दिला, आणि झेंड्यांचे तिन्ही रंग शांतपणे समजावून सांगितले. आपलं पाणी बाराही महिने 27 ते 30 अंशांच्या मधे असतं. कापारिकाचं भर उन्हाळ्यात 18-19, फार तर 20. आपण कोकणी माणसं पाणी आणि ऊन एकच धरतो. तिथे ती दोन वेगळी आहेत.

ते पाणी एवढं थंड का, हे मला पुढे कळलं, आणि कळलं तेव्हा मस्कतच्या दिवसांतली एक जुनी गोष्टही उलगडली. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटतो. त्याला नोर्तादा म्हणतात. तो किनाऱ्याला समांतर वाहतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर खोल समुद्राकडे ढकललं जातं. त्याची जागा घ्यायला खालून गार पाणी वर येतं. त्या पाण्याबरोबर तळाचं खत वर येतं, त्यावर शेवाळासारखे सूक्ष्म जीव पोसतात, आणि त्यांच्यावर तारले. म्हणजे माझा श्वास अडकवणारं पाणी आणि सांत आंतोनियोच्या कोळशावरचा तारला, दोन्ही त्या एका वाऱ्याची देणगी.

हेच मी ओमानमध्ये पाहिलं होतं, फक्त नाव ठाऊक नव्हतं. मस्कतला उन्हाळ्यात किनारा दुपारी ओस असतो. हवा 40 च्या वर, पाणीही 31-32, म्हणजे अंघोळीचंच. कुरुमच्या किनाऱ्यावर लोक मगरिबच्या नमाजानंतर येतात. ओहोटीच्या कडक वाळूवर पोरं फुटबॉल खेळतात, बायका पायापुरतं पाणी घेत चालतात. पण एका जुलैत आम्ही दक्षिणेला सलालाला गेलो आणि मला वाटलं, मी घरी आले. डोंगर हिरवे, धुकं, बारीक पाऊस, 25 अंश हवा, रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळ्यांचे घड टांगलेले. तिथे त्या हंगामाला खरीफ म्हणतात. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्याकडे येतो, तोच आधी त्या किनाऱ्याला घासून जातो. तिथेही तो वरचं पाणी बाजूला सारतो, खालचं गार पाणी वर येतं, आणि दमट हवा त्या गार पाण्यावर धुकं होऊन बसते. वर गरम, कोरड्या हवेचं झाकण असतं, म्हणून ढग उंच वाढत नाहीत आणि नुसती भुरभुर होते. मग तोच वारा अरबी समुद्र ओलांडताना कोमट पाण्यावरून ओल उचलत येतो, सह्याद्रीला धडकतो आणि सत्तरी-चोर्ल्यावर कोसळतो. सलालाच्या धुक्यात उभं राहून मी आईला फोन केला. ती म्हणाली, इथे सकाळपासून धो धो लागलाय. आमच्या दोघींच्या डोक्यावर एकच वारा होता.

मामाला वाऱ्यापेक्षा जाळ्यात रस. त्याच्यासाठी मी मोबाइलवर एक व्हिडिओ आणला होता. कापारिकाच्या दक्षिणेला फोंते दा तेल्या नावाची कोळ्यांची वस्ती आहे. तिथे अजूनही होडी लाटांवर चढवून समुद्रात जाळ्याचा अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर ठेवतात आणि ओढत आणतात. तिला आर्ते शावेगा म्हणतात. पूर्वी काही गावांत दोर बैल ओढायचे, आता ट्रॅक्टर. 'शावेगा' हा मूळ अरबी शब्द, शबका म्हणजे जाळं, आणि तो शब्द मी मस्कतच्या मासळी बाजारात रोज ऐकत होते. मामाने व्हिडिओ तीनदा पाहिला. पहिल्यांदा म्हणाला, "ही तर आपलीच रापण!" दुसऱ्यांदा त्याने माणसं मोजली. तिसऱ्यांदा मोबाइल डोळ्याजवळ नेऊन विचारलं, "दोरी कसली?" नायलॉनची, मी म्हटलं. त्याच्या लहानपणी दोर काथ्याचा असायचा, ओला झाला की दोन माणसांना एक वेटोळं उचलायचं नाही. रापण ओढायला तेव्हा तीस-चाळीस माणसं वाड्यातलीच उभी राहायची आणि वाटा घेऊन जायची. आता निम्मी माणसं बाहेरगावची, रोजावर. ट्रॅक्टर बघून त्याला वाईट वाटलं नाही. पिशवी वाळूवर आली, कारापाऊ नावाचे मासे चमकले, सीगल तुटून पडले आणि एका म्हाताऱ्याने सगळ्यात आधी लहान मासे बाजूला काढून पाण्यात टाकले. तिथे मामाने मान हलवली. 

दर्या बंद होतो तिथे माणूस आधीच तजवीज करतो. आमच्या घरी या आठवड्यात पुरुमेंत भरून झालं: सुके बांगडे, सुकी सुंगटं, सोलां, मिरच्या, खडेमीठ. हा शब्दच पोर्तुगीज 'प्रोविमेंतो'वरून आला, पण पोर्तुगालमध्ये तो मला कुणाच्या स्वयंपाकघरात ऐकू आला नाही. त्यांचा समुद्र बिघडतो थंडीत. ऑक्टोबर ते मार्च अटलांटिकवरची वादळं येतात, आणि नाझारे गावासमोर समुद्राच्या तळाशी असलेल्या खोल घळीमुळे लाटा अशा उंचावतात, की 2020 च्या ऑक्टोबरात तिथे 26.21 मीटर लाटेवर सर्फिंग केल्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. पण त्याच नाझारेच्या वाळूत बायका लाकडी चौकटींवर जाळी ताणून कारापाऊ उन्हात वाळवतात. पोट फाडून, पंखांसारखे पसरून. मी त्या ओळींमधून चालले तेव्हा वास थेट म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला होता. सलालाच्या बाजूलाही वाळूवर तारले पसरलेले पाहिले. ते उंटांना आणि गुरांना घालायचे, कारण खरीफ सरल्यावरच्या कोरड्या महिन्यांत तिथे चारा कमी पडतो.

आता एक गोष्ट जी मला मनापासून सांगायची आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याची वाळू जाते, आणि ती जायलाच हवी असते. जून-जुलैच्या लाटा ती ओढून थोड्या आत पाण्याखाली बांध घालून ठेवतात आणि सप्टेंबरनंतरच्या शांत लाटा तीच परत आणून टाकतात. मामा याला 'दर्याने वाळू नेली' म्हणतो, 'खाल्ली' म्हणत नाही. हा येण्याजाण्याचा हिशेब सांभाळते ती मागची वाळूची टेकडी, आणि टेकडीला धरून ठेवतात मर्यादवेल आणि काटेरी रावणाच्या मिशा. आमच्या घरामागची टेकडी माझ्या दहावीपर्यंत होती. आता तिथे सपाट जागा आणि कुंपण आहे, आणि गेल्या पावसात लाट पहिल्यांदा माडांच्या मुळापर्यंत आली. कापारिकाला ही चूक फार आधी झाली. तिथे दगडी बांध घातले, तरी वाळू टिकली नाही, म्हणून 2007 पासून अनेकदा समुद्रातून लाखो घनमीटर वाळू उपसून किनाऱ्यावर ओतावी लागली. उरलेल्या टेकड्यांवरून आता लाकडी पूल आहेत आणि वाळूत पाय टाकायला मनाई आहे. लहान पोरंसुद्धा पुलावरूनच जातात. मोरजी-मांद्रेच्या ज्या वाळूत सागरी कासवं अंडी घालायला येतात, तिथे तरी आपण असे पूल बांधावेत, असं मला फार वाटतं. वाळू ओतण्यापेक्षा मर्यादवेल वाचवणं किती स्वस्त आहे.

आणि घाटावरून येणाऱ्यांनो, पावसाळ्यात गोव्याला जरूर या. आमचा समुद्र तेव्हा सगळ्यात सुंदर असतो, तपकिरी, उसळलेला, क्षितिजापर्यंत पांढरा. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या पाण्याचे नमुने कित्येक वर्षं घेत आले आहेत. पावसाच्या अखेरीला आपल्या किनाऱ्यालगतही खालचं, प्राणवायू कमी असलेलं गार पाणी वर सरकतं. म्हणजे वरून बंद दिसला तरी आत त्याचं काम चालू असतं. पण लाल झेंडा असेल तर वाळूवरच उभे राहा. गुडघाभर पाण्यातही नको. परतणारी लाट पायाखालची वाळू कशी काढते, हे मी कमरेएवढ्या पाण्यात शिकले आणि तेव्हा शिट्टी वाजवणारा माणूस तिथे होता म्हणून आज हे लिहिते आहे.

काल संध्याकाळी होडी मांगरात गेली. मामाने चुडतांची झापं वर टाकली, दोन्ही बाजूंनी सुंभाने बांधली आणि नाळेवर थोडं कुंकू लावलं. नैर्ऋत्येला ढग काळे झाले होते, पण पाऊस अजून आला नव्हता. मी 10 तारखेला परत निघते, फेस्ताच्या तारल्यांना वेळेत. जाताना मामाने एकच काम सांगितलंय: फोंते दा तेल्याच्या दोरावर किती वावांवर गाठ मारतात, ते मोजून कळवायचं.