निरोपाच्या उपासनेआधीचे दीड वर्ष

चर्चच्या मंडळीसमोर मिशनरी गुडघे टेकतो, पाळक आणि वडीलजन त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, गीत होते आणि रात्रीच्या गाडीने तो मुंबईला निघतो. पुष्कळांना पाठवणे म्हणजे एवढेच वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांकडून पूर्व आफ्रिकेत सेवक पाठवण्याच्या कामात राहून मला पक्के कळले आहे की त्या रात्रीआधी दीड वर्ष लागते, आणि त्यातले निम्मे काम मागे राहणाऱ्या मंडळीवरच करायचे असते. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात अंत्युखिया गावची मंडळी उपास करून बर्णबा व शौलाला पाठवते. १४ व्याच्या शेवटी ते त्याच मंडळीत परत येऊन सगळी हकीकत सांगतात. पाठवणाऱ्यांचे काम या दोन टोकांच्या मध्ये चालू राहते.

सुरुवात पाच जणांच्या समितीने करावी. हे काम एकट्या पाळकांवर सोडू नये. मेथडिस्ट मंडळ्यांत वार्षिक परिषदेत पाळकांच्या नेमणुका बदलतात. पाळक गेले की देणगीदारांची यादी, दिलेला शब्द, पत्रव्यवहार सगळे त्यांच्याबरोबर जाते. समितीत बँकेचे व्यवहार कळणारा एक, नर्स किंवा डॉक्टर एक, आणि घरोघर जाणारी एक बाई हवीच. घरातली खरी अडचण आधी तिलाच कळते.

निवडताना आम्ही उमेदवाराची स्थानिक मंडळीतली निदान दोन वर्षांची सेवा पाहतो. नवरा-बायकोशी वेगवेगळे बोलतो. सोसायटीचे कर्ज, गहाण ठेवलेले सोने, म्हाताऱ्या आईवडिलांचे पाहणार कोण, हे सगळे लिहून घेतो. संकोचाने हे विचारायचे राहिले, तर वर्षभराने तिकडून परतीचे तिकीट मागवले जाते. कारण बहुधा इथेच सापडते.

प्रशिक्षणासाठी आपला सीमाभाग देवाने दिलेली शाळा आहे. सुवार्तेचे काम इथे जुने आहे. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली बेळगावात सुरुवात केली, आणि मराठी ख्रिस्ती लेखनाचा पाया घालणाऱ्यांपैकी बाबा पदमनजी १८३१ साली याच गावात जन्मले. पण मला इथे मोल वाटते ते दोन भाषांचे. बेळगावच्या मराठी मुलाला बाजारापुरती कन्नड येते आणि तो समजतो की आपल्याला भाषा येते. म्हणून त्याला तीन महिने बैलहोंगल-सौंदत्तीकडे एखाद्या कन्नड घरात ठेवावे, मराठी बोलायचे नाही असे बजावून. ‘कोडु’ मधला ओ आखूड म्हटला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’. मराठीत हा भेद नाही, त्यामुळे कान तो ऐकतच नाही. रोज दहाच वाक्ये शिकायची, पण तीच वाक्ये निदान वीस माणसांशी बोलायची. वही भरण्यात वेळ घालवणारे मागे पडतात. कन्नडभाषक उमेदवार असेल तर त्याला उलट खानापूरच्या खेड्यात ठेवावे.

असा कान तयार झाला की स्वाहिली सोपी जाते. तिथेही चहाला चाय, पोळीला चपाती, दुकानाला दुका म्हणतात. मात्र ‘किताबु’चे अनेकवचन ‘विताबु’ होते. बाहेरून आलेल्या शब्दालाही स्वाहिलीने आपल्या नियमात बसवले आहे, शब्दाचे डोके बदलते, शेपूट नाही. मराठी माणूस सवयीने शेवट बदलायला जातो आणि चुकतो. शिवाय तिकडे भारतीयांना ‘वाहिंदी’ म्हणतात, आणि भारतीय म्हणजे दुकानदार अशी समजूत खोल आहे. मिशनरी दारात उभा राहिला की तो काय विकायला आला आहे असे पाहिले जाते. हे आधी सांगून ठेवले नाही तर पहिले सहा महिने तो मनाला लावून घेतो.

प्रशिक्षणाचा एक भाग कायद्याचा असतो आणि तो टाळू नये. आपल्या राज्यघटनेचे कलम २५ धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आमचा नियम याहून कडक आहे: धान्य, फी, औषध, नोकरी यांतले काहीही विश्वासाशी जोडायचे नाही, इथेही नाही आणि तिकडेही नाही. मदत करायची तर ती सर्वांना, आणि वेगळ्या माणसांच्या हातून.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ नावावर जातो. शाळेच्या दाखल्यावर मराठी नाव, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेले तेच नाव, आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरेच, उदाहरणार्थ योहान. तिन्ही जुळल्याशिवाय पासपोर्टला हात घालू नये. शाळेचे नाव पाया धरावे आणि बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. दुसरी अडचण खास सीमाभागाची आहे. परदेशासाठी पदवी प्रमाणित करताना आधी ज्या राज्याने कागद दिला त्या राज्याचा शिक्का लागतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. निपाणीत दहावी आणि कोल्हापुरात पदवी झालेल्याचे कागद दोन राज्यांत फिरतात, म्हणून हे काम सहा महिने आधी सुरू करावे. पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याचे उलटे आहे. तो फार लवकर काढला तर तिथल्या कामाच्या परवान्याच्या वेळेपर्यंत शिळा होतो. उमेदवार गेल्या वर्षभरात प्रशिक्षणासाठी पुण्यात राहिला असेल तर तो पत्ताही अर्जात लिहावा. लपवला तर चौकशी अडकते.

केनियात धार्मिक किंवा सेवाभावी कामासाठी ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो, आणि तो तिथल्या नोंदणीकृत यजमान संस्थेमार्फत मिळतो. जानेवारी २०२४ पासून पर्यटकांना तिथे फक्त इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी लागते. तिच्यावर जाऊन सेवा सुरू करू, परवाना मागून येईल, असे कोणी सुचवले तर ठाम नाही म्हणावे.

पीतज्वराची लस केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. आमच्याकडून गोव्यातले मुरगाव बंदराचे केंद्र जवळ पडते. कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून आधी वार विचारूनच निघावे. प्रमाणपत्र लसीनंतर दहाव्या दिवसापासून धरले जाते. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय ६० च्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. हे प्रमाणपत्र नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते.

आता पैसा. समजा एका कुटुंबाला महिना ६०,००० लागणार आहेत. २०० रुपये देणारी ३०० घरे हवीत. आम्ही दहात एक घर गळेल असे धरून ३३४ घरांचा लेखी शब्द घेतो. पण आमचा बहुतेक भाग शेतीचा. अथणी-चिकोडीकडे उसाचे बिल आले की हातात पैसा, निपाणीकडे तंबाखू विकली की. अशा घराला दरमहा मागत राहिले की ते ओशाळते आणि मग उपासनेलाही यायचे टाळते. पगारदारांकडून दरमहा आणि शेतकऱ्यांकडून कापणीच्या उपकारस्तुतीला वर्षाचे एकदम, अशी विभागणी केली की घरे टिकतात. मिझोरामच्या बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात आणि त्यातून मिशनरी पोसले जातात. आमच्या खेड्यांतही ही मूठ चालते. डबा मंडळीने द्यावा आणि ठरलेल्या रविवारी गोळा करावा. आठवड्याचा खाडा पडला की सवय मोडते. परतीच्या तिकिटाचे पैसे आणि तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय आम्ही निरोपाची तारीख ठरवत नाही.

पैसे बाहेर पाठवताना सनदी लेखापालाला आधी विचारावे. ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च आयकर सवलतीत धरला जात नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. आखातात नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्टच्या सभासदाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले दान विदेशी देणगी ठरत नाही. तेच अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या भावाने दिले तर ठरते, मग रक्कम कितीही लहान असो. विदेशी देणगी घेण्याची सरकारी नोंदणी ट्रस्टकडे नसेल तर असे दान प्रेमाने परत करावे.

मिशनरी गेला की मंडळीचा उत्साह काही महिन्यांत ओसरतो. म्हणून दर महिन्याला एका पानाचे प्रार्थनापत्र मराठीत यावे, त्यात तीनच विषय असावेत, आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांचे नाव व फोटो कधीही नसावेत. समितीतल्या एकाने दर पंधरा दिवसांनी फोन करावा. त्यात कामाचा हिशेब विचारू नये. झोप, जेवण, नवरा-बायकोचे बोलणे, मुलांची शाळा एवढेच विचारावे. बायकोशी समितीतल्या बाईने बोलावे.

परतल्यावर पहिले सहा रविवार त्याला साक्षीसाठी, म्हणजे अनुभव सांगायला, उभे करू नये. घराची अनामत, मुलांचा शाळाप्रवेश, शिधापत्रिका यांची सोय समितीने आधीच करून ठेवावी. आणि पहिल्या वर्षात ताप आला तर साधा ताप म्हणून गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि ‘आफ्रिकेतून आलो आहे, मलेरियासाठी रक्त तपासा’ हे स्वतःहून सांगावे.