कुंपणाची उंची कोणाच्या डोळ्यांवरून ठरते

मी घरांचे नकाशे काढते आणि मंजुरीला टाकते. जिना आतून की बाहेरून, गाडी कुठे लागणार, पाण्याची टाकी कुठे, यावर घरमालक माझ्याशी तास तास बोलतात. कुंपणाचा विषय निघतो तो पार शेवटी, निघता निघता. "कंपाउंडचं काय मॅडम, ते गवंडी बघून घेईल." मग गवंडी बघतो, आणि घर नियमात बसलेलं असूनही भिंत नियमाबाहेर जाते. बांधकामाच्या सगळ्या नियमांत सर्वांत कमी वाचला जाणारा नियम हाच असावा. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो, कारण घराचे बाकीचे बहुतेक नियम आत राहणाऱ्यांसाठी आहेत आणि हा बाहेरून जाणाऱ्यांसाठी आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेत, आणि त्याच धर्तीवर महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत, घराच्या कुंपणभिंतीची कमाल उंची १.५ मीटर दिली आहे, म्हणजे साधारण पाच फूट. ती मोजायची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून. बहुतेकांची गल्लत इथेच होते. प्लॉटमध्ये भराव टाकून जमीन दोन-तीन फूट उचललेली असते, मालक आत उभा राहून पाच फूट मोजतो आणि बाहेरून चालणाऱ्याच्या अंगावर सात-आठ फुटांची भिंत येते. मोजमाप रस्त्यावरून का धरलं, याचं उत्तर त्यातच आहे. भिंतीची जी बाजू रस्त्याला भोगावी लागते, तिचीच उंची नियमाला हवी असते.

याहून उंच जायचं असेल तर वाट ठेवली आहे. एकूण २.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचे ०.९ मीटर आरपार दिसणारे हवेत: ग्रिल, रेलिंग, जाळी काहीही. या सगळ्या नियमावलीतलं माझं सर्वांत आवडतं कलम हे. लोकांना वाटतं की भरीव उंच भिंत म्हणजे सुरक्षितता. पण भरीव भिंत एकदा ओलांडली की चोराला तीच भिंत आडोसा देते. आत तो निवांत कडी उचकटत बसला तरी रस्त्यावरून कोणाला दिसत नाही. वरचा भाग उघडा असेल तर समोरच्या गॅलरीतल्या माणसाची नजरही राखणीला येते. शिवाय तळमजल्यावर वारा येतो, पावसानंतर भिंतीलगतची ओल लवकर वाळते. मंजुरीपुरतं ग्रिल लावून नंतर आतून पत्रा किंवा हिरवी जाळी बांधून टाकणारे पुष्कळ आहेत. त्याने कागदावर भिंत नियमात राहते आणि कलमाचा हेतू मात्र संपतो.

कोपऱ्याच्या प्लॉटचा नियम याहून कडक आहे, आणि तो असायलाच हवा. चौकापासून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर ठेवायची. उरलेली ०.७५ मीटर उंची हवी असेल तर ती रेलिंगची करायची. पाऊण मीटर म्हणजे माणसाच्या मांडीपर्यंत. एवढीशी भिंत कशाला बांधायची, असं मला जवळजवळ प्रत्येक कोपऱ्याचा मालक विचारतो.

असेच एक काका होते. निवृत्त, स्वभावाने अतिशय व्यवस्थित, आणि कोपऱ्यावर सात फुटांची भिंत हवी यावर ठाम. मी त्यांना आकडे सांगून पाहिले, पटलं नाही. मग प्लॉटच्या कोपऱ्यावर तीन बांबू रोवले आणि त्यांना जुन्या चादरी बांधल्या, त्यांना हवी होती तेवढ्या उंचीवर. काकांना म्हटलं, तुमची गाडी काढा आणि आतल्या गल्लीतून रोज जसे बाहेर पडता तसे पडा. ते हळूच आले. चादरीच्या टोकाशी आले तरी डावीकडचा रस्ता दिसेना. दिसायला लागला तेव्हा बोनेट मोठ्या रस्त्यावर आलं होतं, आणि एक सायकलवाली मुलगी त्यांना वळसा घालून गेली. काका काही बोलले नाहीत. मागे गेले, मी चादरी पाऊण मीटरवर उतरवल्या, ते पुन्हा आले. या वेळी गल्लीच्या तोंडापासून बरंच अलीकडे असतानाच त्यांना डावीकडून येणारा टेम्पो दिसला. भिंत नियमाप्रमाणे झाली. वरच्या रेलिंगचं डिझाइन त्यांनी स्वतः निवडलं.

यामागचं गणित सोपं आहे. रस्ते आखणारे इंजिनिअर चालकाच्या डोळ्याची उंची रस्त्यापासून १.२ मीटर धरतात आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच आकडे आहेत. ताशी ३० किलोमीटरने गाडी सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच वीस मीटर गेले, थांबायला साधारण तीस मीटर लागतात. पाच फुटांची भरीव भिंत १.२ मीटरवरच्या डोळ्याला पूर्ण झाकते. पाऊण मीटरची झाकत नाही, आणि तिच्यामागून येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाचं डोकंही भिंतीच्या वर दिसतं.

इतर देशांनीही हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. इंग्लंडमध्ये वाहनांच्या रस्त्यालगत १ मीटरपर्यंत आणि इतरत्र २ मीटरपर्यंत कुंपण साधारणपणे वेगळ्या परवानगीशिवाय घालता येतं. अमेरिकेत नियम गावागणिक बदलतात, पण पुढच्या अंगणात तीन-चार फूट, मागच्या अंगणात सहा फूट आणि चौकाच्या कोपऱ्यात मोकळा ठेवायचा त्रिकोण, हा साचा पुष्कळ ठिकाणी सापडतो.

दुकानं, गोदामं, कार्यालयं यांच्या कुंपणाचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे रस्त्याकडची बाजू उघडी असलेलीच बरी, कारण गाड्या सारख्या आत-बाहेर करतात. पण मागच्या बाजूला घरं असतील तर भरीव भिंत हवी. मालाच्या गाड्या, जनरेटर, कचऱ्याचे डबे, रात्री खिडकीवर येणारे हेडलाइट, हे सगळं शेजाऱ्याने का सोसायचं? अमेरिकेतल्या अनेक नगरांच्या नियमांत व्यापारी जागा निवासी जागेला लागून असेल तर असा आडोसा व्यापाऱ्यानेच उभारायचा असतो. मला हे न्याय्य वाटतं. एक मात्र सांगते, आवाजासाठी झाडांच्या कुंपणावर विसंबू नका. आवाज अडतो तो वजनदार, फट नसलेल्या भिंतीने. पानांची रांग डोळ्यांना बरी वाटते, जनरेटर तिच्यातून जवळजवळ तसाच ऐकू येतो.

वाऱ्याचं उलट आहे. भरीव भिंतीवर आपटलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. दाट पण आरपार असलेली झाडांची वई वाऱ्याला चाळून त्याचा जोर कमी करते आणि तो आडोसा वईच्या उंचीच्या कितीतरी पट लांब पोचतो. शेताच्या बांधावर झाडं लावणाऱ्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

वईची खरी अडचण ही की ती वाढते. भिंत एकदा मोजली की मोजली. मेंदी, कोयनेल, डुरांटा लावला तेव्हा गुडघ्याएवढा असतो आणि दोन पावसाळ्यांत खांद्याच्या वर जातो. त्यामुळे कोपऱ्यावर भिंत नियमाने पाऊण मीटर आणि तिच्या आत सहा फुटांची बोगनवेल, असं चित्र मी वरचेवर पाहते. दृष्टी अडतेच, वर काट्यांच्या फांद्या फुटपाथवर येतात. नियम लिहिणाऱ्यांनी भिंतीसोबत झाडांचा उल्लेख स्पष्ट करायला हवा, आणि छाटायची जबाबदारी कोणाची हेही.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाने इतका मनस्ताप झाला की कायदा करावा लागला. लेलँडी नावाचं सदाहरित झाड तिथे आडोशासाठी लोकप्रिय झालं. ते वर्षाला जवळपास मीटरभर वाढू शकतं. शेजाऱ्याच्या बागेत दिवसभर सावली, खिडकीत अंधार, आणि भांडणं. शेवटी २००३ च्या कायद्यात उंच वईचं प्रकरण आलं. दोन किंवा अधिक सदाहरित झाडांची, दोन मीटरहून उंच रांग शेजाऱ्याच्या घराचा उपभोग बिघडवत असेल तर स्थानिक परिषदेकडे तक्रार करता येते आणि परिषद छाटणीचा हुकूम देऊ शकते. पण दोन मीटरच्या खाली छाटा असं ती सांगू शकत नाही. लावणाऱ्याचा आडोशाचा हक्कही राहतो, ही समज मला आवडते.

फ्रान्सने त्याहून आधीची पायरी धरली आहे: झाड लावतानाच अंतर सोडा. तिथल्या नागरी संहितेप्रमाणे, स्थानिक नियम किंवा रूढी वेगळं सांगत नसेल तर, दोन मीटरहून उंच होणारं झाड हद्दीपासून दोन मीटर आत लावायचं आणि त्याहून ठेंगणं अर्धा मीटर आत. मी माझ्या घरमालकांना हाच सल्ला देते, नियमात असो वा नसो. हद्दीवरच रोप लावलं तर त्याची पलीकडची बाजू छाटायला शेजाऱ्याच्या अंगणात जावं लागतं, आणि संबंध बिघडले की ते दार बंद होतं. मुळं तर पहिल्या दिवसापासून पलीकडेच असतात.

भिंत हे शेजाऱ्याला छळायचं साधनही होतं. सॅन फ्रान्सिस्कोत १८७० च्या दशकात रेल्वेसम्राट चार्ल्स क्रॉकर यांनी टेकडीवरची चार रस्त्यांमधली अख्खी जागा विकत घेतली, फक्त एका कोपऱ्यातलं छोटं घर सोडून. निकोलस युंग हा मालक विकायला तयार झाला नाही. क्रॉकर यांनी त्या घराच्या तीन बाजूंनी सुमारे ४० फूट उंच लाकडी कुंपण उभं केलं. ऊन गेलं, वारा गेला, समोरचं शहर दिसेनासं झालं. एडवर्ड मायब्रिज यांनी त्याच काळात टिपलेल्या शहराच्या विस्तीर्ण छायाचित्रात ते कुंपण आजही पाहता येतं. युंग १८८० मध्ये वारले तरी कुंपण उभंच होतं. पुढे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तरतूद आली की शेजाऱ्याला त्रास द्यायच्या हेतूने उभारलेलं, दहा फुटांहून विनाकारण उंच कुंपण हा उपद्रव धरला जाईल. उंचीचा नियम नसला की पैसेवाल्याच्या हातात काय पडतं, ते या एका घराकडे पाहिलं की कळतं.

उंचीला आणखी एक बाजू आहे आणि तिच्यात माणसं मरतात. साडेचार इंच जाडीची भिंत सरळ लांबच लांब नेली आणि मध्ये खांब दिले नाहीत तर ती नुसत्या वाऱ्यानेही कलते. तिच्या एका बाजूला भराव टाकला की ती कुंपण राहत नाही, माती अडवणारी भिंत होते, आणि तिचं डिझाइन पूर्ण वेगळं असतं. पावसात माती पाणी पिते, जड होते, भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवलेली नसतात. दर पावसाळ्यात भिंत कोसळल्याच्या बातम्या येतात आणि तिच्या आडोशाला झोपडं बांधून राहिलेली माणसं त्यात जातात. आधीच्या भिंतीवर दोन थर चढवू का, असं कोणी विचारलं की मी पाया उकरून दाखवायला सांगते.

नियमावर माझी एकच मोठी तक्रार आहे. कारखाने, रुग्णालयं, वीज उपकेंद्रं, शाळा, महाविद्यालयं यांना १.५ मीटरच्या अटीतून सूट मिळते. तिथे मंजुरी देणाऱ्यांच्या परवानगीने २.४ मीटरची भरीव भिंत चालते. उपकेंद्राचं मी समजू शकते, आत जीवघेणी वीज आहे. पण शाळा? ज्या फाटकातून एका घंटेसरशी शेकडो मुलं धावत बाहेर येतात, तिथेच आठ फुटांची आंधळी भिंत? इंग्लंडमध्येही शाळेला रस्त्यालगत १ ऐवजी २ मीटरची मुभा आहे, मात्र अट घालून: एक मीटरच्या वरचा भाग रस्ता वापरणाऱ्यांची दृष्टी धोका होईल अशी अडवता कामा नये. ही एक ओळ आपल्या नियमात यायला हवी.

सध्या माझ्या टेबलावर एका शाळेच्याच भिंतीचं काम आहे. संस्थेला सगळीकडे २.४ मीटर भरीव हवी आहे, आणि तेवढी त्यांना मिळूही शकते. मी नकाशात फाटकाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर भिंत पाऊण मीटरवर थांबवून वर उभ्या सळ्यांची जाळी दाखवली आहे. सळ्या उभ्या, म्हणजे मुलांना चढायला पायरी मिळत नाही. मधल्या फटी १०० मिलिमीटरहून कमी, म्हणजे डोकं अडकत नाही. फाटक आत उघडणारं आहे. विश्वस्तांचं म्हणणं आहे की खर्च वाढतो आणि रस्त्यावरचे लोक आत बघतात. पुढच्या बैठकीला बांबू आणि चादरी घेऊन जाणार आहे.