जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी

मुलीने मोबाइलमधले फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की पत्नीच्या ऑफिसच्या व्हिडिओ कॉलचा आवाज तुटू लागे, त्यामुळे आमच्या नौपाड्यातल्या घरात राउटर बदलावा असे सर्वांचेच मत पडले होते. जोडणी 100 एमबीपीएसची होती. यंत्र जुने असले तरी त्यात 16 एमबी फ्लॅश आणि 128 एमबी रॅम होती आणि ओपनडब्ल्यूआरटीला, म्हणजे राउटरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी बसवता येणाऱ्या लिनक्सवर आधारित मोफत प्रणालीला, एवढे पुरते, म्हणून नवीन यंत्र घेण्याआधी मी ती बसवून पाहायचे ठरवले. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरमधल्या लिनक्सचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या अटीमुळे 2003 मध्ये खुला झाला, त्यातून 2004 मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातला डब्ल्यूआरटी तिथूनच आलेला आहे.

खरा वेळ गेला तो राउटरच्या हार्डवेअरचा व्हर्जन क्रमांक शोधण्यात. एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या व्हर्जनमध्ये चिपही निराळी असू शकते, त्यामुळे राउटरच्या पोटावरचे लेबल वाचल्याशिवाय फाइल उतरवणे धोक्याचे असते. आमचा राउटर देवघराच्या वरच्या फळीवर असल्याने ते लेबल उदबत्तीच्या धुराने काळवंडले होते. ओल्या फडक्याने पुसून आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तो आकडा एकदाचा दिसला. मूळ फर्मवेअरवरून, म्हणजे कंपनीने यंत्रात घातलेल्या सॉफ्टवेअरवरून, प्रथमच ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना 'फॅक्टरी' नावाची फाइल लागते, 'सिसअपग्रेड' नंतरच्या आवृत्त्यांसाठी असते. फाइल जशीच्या तशी उतरली आहे ना हे कळावे म्हणून तिचा एसएचए256 हा पडताळणी-आकडा जुळवून पाहिला, राउटर इन्व्हर्टरच्या प्लगला लावला आणि लॅपटॉपला लॅनचे छिद्र नसल्यामुळे स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेल्या अडॅप्टरने केबल जोडली.

काही मिनिटांत दिवा स्थिर झाला, पण वायफायचे नाव कोणाच्याच मोबाइलवर दिसेना. मीही क्षणभर घाबरलो, मग आठवले की ओपनडब्ल्यूआरटी बहुतेक यंत्रांवर वायफाय मुद्दाम बंद ठेवते. केबलवरून राउटरच्या सेटिंगचे पान, 192.168.1.1, उघडले, पासवर्ड ठेवला, देश भारत निवडला आणि वायफाय सुरू केले. इंटरनेट तरीही नव्हते, कारण पीपीपीओईचे, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करण्याचे, युजरनेम मी आधी टिपून ठेवलेच नव्हते. रविवारी सकाळी केबलवाल्याला फोन करून ते मागावे लागले, ही चूक सर्वस्वी माझी.

ज्यासाठी हा खटाटोप केला ती गोष्ट म्हणजे एसक्यूएम, म्हणजे पॅकेटांच्या रांगेचे नियोजन करणारी सोय. अपलोडची रांग मोडेममध्ये साचते तेव्हा कॉलचे चिमुकले पॅकेट तीन हात नाक्यावर ट्रकांच्या मागे अडकलेल्या रिक्षासारखे खोळंबते. वेगाची मर्यादा प्रत्यक्ष जोडणीपेक्षा थोडी कमी ठेवली की रांग आपल्या राउटरमध्ये येते आणि 'केक' ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देते. मी दोन्ही दिशांना 90 ठेवले. 10 एमबीपीएस सोडून दिले, त्याची खंत नाही. जोडणी 300 ची असती तर मात्र हे काम या जुन्या प्रोसेसरला झेपले नसते आणि मग नवीनच राउटर घ्यावा लागला असता.

त्या संध्याकाळी फोटो चढत असताना पत्नीचा कॉल सुरू होता. ती काही बोलली नाही, म्हणजे आवाज तुटला नसावा. व्हर्जनचा आकडा मी कागदावर लिहून फळीच्या खालच्या बाजूला चिकटवला आहे. उदबत्तीची जागा बदलण्याचा प्रस्ताव मात्र आईने फेटाळला.