९ मिलिग्रॅम पाणी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पीएलए, म्हणजे साखरेपासून बनणारं प्लास्टिक, घेतलं तेव्हा वाटलं, आपल्याकडे ऊस चिक्कार, विषय सोपा. साखर आंबवली की लॅक्टिक आम्ल, त्यापासून लॅक्टाइड, आणि लॅक्टाइडच्या रेणूचं कडं उघडलं की पॉलिमरची लांब साखळी. लॅक्टाइड तर तयारच मिळालं होतं. पण मी सुरुवात केली जुलैत, आणि पुण्यात पाषाणला पावसाची रिपरिप थांबायचं नाव घेईना.

टोल्युइनमध्ये ५ ग्रॅम लॅक्टाइड, उत्प्रेरक म्हणून चिमूटभर टिन ऑक्टोएट, ११० अंश. साखळ्या वाढल्या की द्रावण दाट होऊन ढवळणारा मॅग्नेट अडखळायला हवा. माझा मजेत फिरत होता. थंड मिथेनॉलमध्ये ओतल्यावर तंतू यायला हवेत, तिथे भुगा आला. तीनदा तेच. एनएमआरवर, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीत, लॅक्टाइडचा ५.०३ चा सिग्नल जवळपास गेलेला, पॉलिमरचा ५.१६ ला ठळक. म्हणजे अभिक्रिया होत होती. रेणुभार (साखळी जितकी लांब तितका जास्त) मात्र १० हजारांवर अडकलेला.

सर एवढंच म्हणाले, "पाण्याचा हिशेब कर."

केला. पाण्याचा प्रत्येक रेणू नवी साखळी सुरू करतो, आणि तेवढंच लॅक्टाइड जास्त जणांत वाटलं जातं. ५ ग्रॅमला ९ मिलिग्रॅम पाणी असलं, की सरासरी १० हजार. एका थेंबाचा पाचवा भागही नाही! ५० हजारांसाठी १.८ मिलिग्रॅमच्या आत राहायचं.

लॅबमधल्या ताईने माझा फ्लास्क पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं, ओव्हनमधून काढून बाकावर गार करतेस? या हवेत?" मग व्हॅक्यूमखाली ज्योतीने तापवलेली काच, नायट्रोजन, सोडियम आणि बेंझोफिनोनवर निळं होईपर्यंत (म्हणजे पाणी संपेपर्यंत) ठेवून ऊर्ध्वपातित केलेलं टोल्युइन, आणि लॅक्टाइडचं तीनदा स्फटिकीकरण. यातच तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी मॅग्नेट थबकला, तेव्हा आधी मला वाटलं हॉटप्लेटच बिघडली.

५२ हजार.

क्लोरोफॉर्ममधून ओतलेली काचेसारखी फिल्म घरी नेली. आईने एक तुकडा गरम चहात बुडवला. तो लगेच वाकला, कारण साठेक अंशांवर पीएलए मऊ पडतं. दुसरा तिने तुळशीच्या कुंडीत पुरला. कंपोस्टचा ढीग ५८ अंशांपर्यंत तापला तर ते लवकर कुजतं हे मी सांगितलं होतं, पण तिने ऐकलं नाही. रोज पाणी घालते. दिवाळी झाली, तुकडा तसाच आहे.