साताऱ्याच्या अंगणात यॉट, आणि तिच्या गळक्या खिडक्या

मेच्या शेवटच्या आठवड्यात शाहूपुरीतल्या आमच्या घरापुढे हायड्रा क्रेन येऊन उभी राहिली आणि ट्रकवरून चोवीस फुटी शिडाची होडी उचलून तिने अंगणात ठेवली. गल्लीतली निम्मी माणसं गच्चीवर होती. समोरचे आप्पा खाली येऊन होडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "होडी सांगलीला पायजे ओ काका. पूर तिकडं येतो. आपल्या हितं कशाला?" मी म्हटलं, आंग्र्यांचं आरमारसुद्धा साताऱ्याच्या गादीचंच होतं. आप्पा म्हणाले, "पर त्यांनी ते अंगणात नव्हतं ठेवलं."

होडी माझी आणि मुंबईच्या मेव्हण्याची, निम्मी-निम्मी. फायबरची, चाळिशी ओलांडलेली, कील, म्हणजे तळाची वजनदार पाती, वर घेता येणारी. पावसाळ्यात मुंबई बंदरात अशा होड्या कुणी पाण्यात ठेवत नाही, मेअखेर बाहेर काढतात. दरवर्षी ती तिथेच ताडपत्रीखाली पडून राहायची आणि दरवर्षी ऑक्टोबरात आतल्या गाद्यांना बुरशी आलेली असायची. केबिनला दोन्ही बाजूंनी एकेक लांबट खिडकी, साधारण 90 सेंटिमीटरची, आणि दोन्ही गळक्या. मी एमआयडीसीत तीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढलेला माणूस. निवृत्तीनंतर हातात वेळ होता, म्हणून म्हटलं, यंदा पावसाळ्यात घरी आणतो. टेस्टिंगला पाऊस फुकट मिळेल.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. मागची पाच वर्षं आम्ही दर सीझनला एकच इलाज करत होतो: खिडकीच्या कडेने बाहेरून सिलिकॉनचा आणखी एक थर. मेव्हण्याचं तर ते ब्रीदवाक्यच होतं, "दाजी, वरून अजून एक मारा की." दोन महिने बरे जायचे आणि मग उशाशी थेंब. त्या खिडक्यांची कड अखेरीस करपलेल्या धिरड्यासारखी दिसायला लागली होती.

या खेपेला ठरवलं की पाणी नेमकं कुठून शिरतं ते बघितल्याशिवाय हत्यार लावायचं नाही. ओल दिसायची ती खिडकीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, त्यामुळे आमचं सगळं सिलिकॉन त्याच कोपऱ्यावर ओतलेलं. बायको शाळेतून निवृत्त झालेली, घरात रंगीत खडूंचे दोन डबे पडून होते. तिचीच कल्पना: खिडकीभोवतीचं आतलं अस्तर काढून उघड्या भिंतीला निळा खडू कोरडाच घासायचा आणि बाहेरून पाणी मारायचं. मी नळी घेऊन बाहेर, ती टॉर्च घेऊन आत. नळी वरून मारायची नाही, खालच्या कडेपासून सुरुवात करून पाच-पाच मिनिटांनी वर सरकायचं. वरून मारलं की पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. खालची कड झाली, मागची उभी कड झाली, आतून आवाज नाही. वरच्या कडेला पुढच्या टोकाशी पोचलो आणि आतून ओरडली, "अहो, थांबा थांबा, आलं!"

आत गेलो तर निळ्या भिंतीवर गोगलगाय चालून गेल्यासारखी एक गडद रेघ उमटलेली. निघाली होती पुढच्या वरच्या बोल्टमधून. अस्तराच्या मागच्या एका कंगोऱ्यावरून तिरकी वाहत मागे गेली होती आणि थेट तीन फुटांवर, आमच्या त्या लाडक्या कोपऱ्यात, थेंब होऊन टपकत होती. पाच वर्षं आम्ही जिथे पाणी बाहेर पडत होतं तिथे बूच मारत होतो.

खिडकी काढल्यावर खरी शोभा दिसली. जुनी ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकची, पाटी बोल्टनी करकचून आवळलेली आणि प्रत्येक भोकाभोवती बारीक चिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. कुणीतरी कधीकाळी तिथे शंकूच्या डोक्याचे स्क्रू वापरले होते. असा स्क्रू आवळला की पाचरीसारखा भोक फाकवतो आणि ॲक्रिलिक ते सहन करत नाही. शिवाय ॲक्रिलिक उन्हात फायबरपेक्षा अडीच-तीन पट जास्त वाढतं. काळसर रंगाची 90 सेंटिमीटरची पाटी, रात्रीचा गारवा आणि दुपारचं ऊन यांत 35 अंशांचा फरक धरला, तर पाटी आणि होडीच्या वाढीत दीड मिलिमीटरच्या आसपास तफावत पडते. रोज. मधे सिलिकॉनचा कागदासारखा पातळ थर असला तर तो ताणून ताणून सुटणारच. आवळून गळती थांबते हा आमचा समज होता. बोल्ट आवळला की मधलं सगळं सिलिकॉन बाहेर पिळून निघतं आणि ताण खायला काही उरतच नाही.

दुसरं दुःख भिंतीच्या पोटात होतं. अशा होडीची भिंत म्हणजे फायबरचे दोन पातळ पापुद्रे आणि मधे हलकं बाल्सा लाकूड. दहा रुपयांचं नाणं घेऊन ठोकत गेलो. चांगल्या जागी टणटण वाजतं, सडलेल्या जागी बद्द. बोल्टच्या भोकांभोवती तळहाताएवढ्या तीन जागा बद्द निघाल्या. वाकवलेल्या खिळ्याने भोकातून कोरलं तर बाहेर आला चहाचा चोथा. दिसायला अगदी तसाच, वासाला मात्र जुन्या आडासारखा.

जून गेला वाळवण्यात. वर ताडपत्री, आत शंभर वॉटचे दोन बल्ब आणि टेबलफॅन. अजिंक्यताऱ्यावर ढग बसलेला, दोऱ्यावरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते, तिथे लाकूड काय वाळणार? तरी तीन आठवड्यांनी खिळ्याला कोरडा भुसा लागायला लागला. मग पोकळ्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की घट्ट होणारा चिकट रेझिन) भरल्या, पावडर मिसळून श्रीखंडाएवढं घट्ट करून. बोल्टची जुनी भोकंही त्यानेच बुजवली. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती आधी पाण्याने धुवायची आणि मगच घासायचं, नाहीतर ती सगळीकडे पसरते. हे मला दुसऱ्या दिवशी समजलं, पॉलिश पेपर चिकट होऊन गुंडाळला गेल्यावर.

पण इपॉक्सी परवडली, जुनं सिलिकॉन नको. आयुष्यात इतकं चिवट काही खरवडलं नाही. सिलिकॉनच्या पातळ थरावर कशाचंही बूड टेकत नाही, रंग नाही, इपॉक्सी नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. आधी पुट्टीचा पत्रा, मग ब्लेड, मग ॲसिटोन, आणि पॉलिश पेपर सगळ्यात शेवटी. घाईने आधीच घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं. साफ झालं की नाही ते कळायला पाणी शिंपडायचं. पाणी सपाट पसरलं तर ठीक, अळवाच्या पानावरच्यासारखे मोती झाले तर परत बसा. चार दिवस मी मोती बघत बसलो होतो. (ॲसिटोन फक्त फायबरला. नव्या ॲक्रिलिकला चुकून लागलं तर दुधाळ डाग आणि चिरा पडतात. ते साबणाच्या पाण्यानेच पुसायचं.)

नवी पाटी कशाने बसवायची यावर मेव्हण्याशी फोनवर रोज वाद. त्याला बोल्ट हवेत, मला नकोत, आणि बोल्टशिवाय काय वापरायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. उत्तर मिळालं ते चहाच्या टपरीवर. पोवई नाक्याजवळ एका नव्या इमारतीला पुढून काचा बसवायचं काम चालू होतं. तिथल्या पोरांना विचारलं, एवढ्या काचा बिनबोल्टच्या कशा राहतात? त्यांच्यातला एकजण संध्याकाळी कामावरून सुटून थेट अंगणात आला. होडी बघून आधी फोटो काढले, घरी व्हिडिओ कॉल लावला, मग खिडकीच्या भोकाशी वाकून म्हणाला, "काका, हे तर आमचंच काम हाय. स्ट्रक्चरल ग्लेझिंग. आधी जाड फोमची दोन्हीकडून चिकटणारी टेप, तिच्या बाहेर सिलिकॉन. टेप पकडून ठेवती आन् जाडीपण ठेवती." मी लाटेचं भय सांगितलं. तर म्हणाला, "पाटी भाईरनं लावा, भोकापेक्षा दोन-दोन इंच मोठी. लाट आली तर आतच दाबंल की."

इतकं सरळ होतं ते.

त्याने आणखी एक गोष्ट शिकवली. बाथरूमला वापरतात ते व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन इथे चालत नाही. लागतं ते न्यूट्रल आणि ग्लेझिंगचं. पृष्ठभाग कोरडा ठणठणीत हवा, पण ते सिलिकॉन पिकतं हवेतल्या ओलाव्यावरच. म्हणजे ज्या साताऱ्याच्या दमट हवेला मी महिनाभर शिव्या घालत होतो, ती या एका कामाला मदतच करणार होती.

पाट्या पुण्याहून आणल्या, आठ मिलिमीटर जाडीच्या, धुरकट रंगाच्या. दुकानदाराला ‘कास्ट’ ॲक्रिलिकच हवं म्हणून बजावून सांगितलं, कारण स्वस्तातल्या एक्स्ट्रूडेडला चिरा लवकर जातात. आधी हार्डबोर्डचे साचे कापून होडीला धरून बघितले. डावी आणि उजवी खिडकी सारखी असेल असं धरून चाललो होतो, ती चांगली नऊ मिलिमीटरने वेगळी निघाली. ज्याने कुणी ती होडी बांधली त्याच्याही हाताला कधीतरी कंटाळा आला असणार. जिगसॉ सावकाश चालवला, वरचा कागद तसाच ठेवून. घाई केली की कापलेली फट मागून वितळून परत चिकटते. कोपरे गोल ठेवले, चिरा नेहमी काटकोनातून सुरू होतात.

बसवायच्या दिवशी तो पोरगा सुट्टी काढून आला. सव्वादोन मिलिमीटरची टेप आतल्या कडेने चौफेर लावली. तिच्यावरचा कागद पूर्ण काढायचा नाही, चारी बाजूंनी शेपट्या बाहेर ठेवायच्या, पाटी जागेवर धरायची आणि मग शेपट्या ओढायच्या. एकदा टेकली की पाटी हलत नाही, दुसरा चान्स नाही. मला घाम फुटला होता. तो शिट्टी वाजवत होता. मग बाहेरच्या खाचेत सिलिकॉन दाबून भरलं, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकाच ओढीत कड फिरवली आणि सिलिकॉन ओलं असतानाच कडेची मास्किंग टेप काढली. पैसे विचारले तर म्हणाला, "ऑक्टोबरात पाण्यात जाताना आमाला न्या म्हंजे झालं." हजेरी मात्र मी जबरदस्तीने खिशात कोंबली.

दोन आठवडे हात लावला नाही. मग ताडपत्री काढली. ऑगस्टमधला पाऊस, रात्रभर पत्र्यावर ताशा. पहाटे पाचला छत्री घेऊन होडीत चढलो, टॉर्चने दोन्ही खिडक्यांच्या कडा चाचपल्या. खडूची पावडर जिथल्या तिथे, कोरडी. अगदी हसू फुटलं. आणि तेवढ्यात मानेवर थेंब पडला.

खिडकीचा नव्हे. छतावर हाताने धरायला लाकडी कठडा आहे, त्याच्या एका स्क्रूतून येत होता. बहुतेक इतकी वर्षं त्याचंही पाप आम्ही खिडकीच्या खात्यावर मांडत होतो. घरात जाऊन बायकोला उठवलं. तिने डोळे न उघडताच विचारलं, "कुठला रंग हवाय?" या वेळी पिवळा खडू घेतला. कठड्याला एकूण बारा स्क्रू आहेत, गळका निघाला पुढून चौथा. मेव्हण्याला फोन केला तर म्हणाला, "दाजी, वरून जरासं सिलिकॉन मारा की." मी बाराच्या बारा स्क्रू काढायला घेतले.