काळी तीट

मुंबईकराला वाळूवर काळं काही दिसलं की तो आधी चपलेचा तळ उलटून बघतो. पावसाळ्यात जुहूला, वर्सोव्याला डांबराचे गोळे किनाऱ्याला लागतात, आणि एकदा चिकटले की जाता जात नाहीत. त्यामुळे अलिबागजवळच्या रेवदंड्याच्या काळ्या वाळूवर पहिल्यांदा आलेला माणूस "शी, केवढी घाण!" म्हणतो, त्यात त्याचा काही दोष नाही.

पण ती घाण नव्हे, ज्वालामुखीची देणगी आहे. आपण मुंबईकर लाव्हावरच राहतो, हे आपल्या गावीही नसतं. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा. दोनशे फूट उंचीचे काळे खांब, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, आणि खाली पार्किंगवरून भांडणारे आपण! सह्याद्रीचा कातळही त्याच घराण्यातला. तो झिजतो, ओढे-नद्या त्याचा चुरा खाली आणतात. त्यात मॅग्नेटाइट, इल्मेनाइट असे लोखंड असलेले काळे कण असतात. ते साध्या वाळूहून बरेच जड. लाटा हलकं ते ओढून नेतात, काळं मागे राहतं. खात्री करायची असेल तर फ्रिजवरचं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. पिशवीला बाहेरून काळी लव उभी राहते. मॅग्नेट आतून काढून घेतलं की सगळी एकदम गळून पडते. या खेळात माझी एक अख्खी दुपार गेली, आणि वाया गेली असं अजिबात वाटत नाही.

हवाई बेटावर हेच काम झटपट होतं. तापलेला लाव्हा समुद्रात पडला की तडकून त्याचा चुरा होतो. २०१८ साली किलाउएआ उफाळला, तेव्हा पोहोइकीला काही महिन्यांतच नवी काळी चौपाटी तयार झाली. त्याच ज्वालामुखीने १९९० मध्ये कैमूची नावाजलेली काळी चौपाटी गाडूनही टाकली होती. तिथला दगड किंवा वाळू नेली तर पेले देवी कोपते, अशी समजूत आहे. लोक नेलेलं पोस्टाने परत पाठवतात म्हणे. आपल्याकडे न्यायची गरजच पडत नाही, वाळू स्वतःहून पँटच्या दुमडीत बसून घरी येते. मग मोरीत काळे ओघळ, आणि "कुठे लोळून आलात?"

रेवदंड्याला मागे पोर्तुगीजांचा पडका तट, नारळी-पोफळी, आणि आडवारी गेलात तर माणूस जवळजवळ नाहीच. मला वाटतं, ही त्या वाळूचीच कृपा. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावतात ना, तशी इथे किनाराभर फासलीय. फोटोला पांढरी वाळू हवी असलेली मंडळी परस्पर काशीदला जातात. अर्थात अलिबागची वाळूही काळपटच, तरी रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे तिटेवर फार भरवसा नको. त्यात आता भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीत शिरता येतं.

शेजारच्या काकांनी परवा विचारलंच, "अहो, त्या रेवदंड्याला करायचं काय?"

"काही नाही."

"खायला?"

"किनाऱ्यावर तरी काही नाही."

"मग काशीदच बरं."

मी उत्साहाने रस्ता समजावून सांगितला. रेवदंड्याचा पूल ओलांडा आणि सरळ सुटा म्हटलं, मध्ये कुठे थांबू नका.